घरचा कॉम्प्युटर फोनवरून चालवायचाय? आधी तो जागा ठेवा

फोनवरून घरचा कॉम्प्युटर चालवणं आता फार सोपं झालंय. ॲप टाकायचं, पिन ठरवायचा, की फोनच्या स्क्रीनवर घरचा डेस्कटॉप हजर. बहुतेक जण तेवढं करून थांबतात. मग बाहेर असताना नेमकी गरज पडते तेव्हा ॲपमध्ये कॉम्प्युटरच्या नावापुढे 'ऑफलाइन' दिसतं. बिचाऱ्या ॲपला शिव्या बसतात, पण दहातल्या आठ वेळा ॲप ठीक असतं आणि कॉम्प्युटर झोपलेला असतो.

त्यामुळे जोडणी कशी करायची ते सांगतोच, पण त्याहून जास्त वेळ कॉम्प्युटर जागा कसा ठेवायचा आणि भलत्याच माणसाला आत कसं येऊ द्यायचं नाही, यावर घालवणार आहे.

हे चालतं कसं

तुमचा कॉम्प्युटर घरीच असतो आणि सगळे प्रोग्राम त्याच्यावरच चालतात. त्याच्या स्क्रीनचं चित्र इंटरनेटवरून फोनवर येतं आणि तुमच्या बोटाच्या हालचाली माउस-कीबोर्ड म्हणून परत जातात. म्हणजे फोन जुना, साधा असला तरी बिघडत नाही. मात्र घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग महत्त्वाचा, कारण चित्र घरातून बाहेर पाठवायचं असतं. आपण कनेक्शन घेताना डाउनलोडचाच आकडा बघतो. इथे दुसरा आकडा कामाचा.

खरंच गरज आहे का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण बऱ्याच जणांना फक्त फाइली हव्या असतात. तेवढ्यासाठी कामाचे फोल्डर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सला जोडून टाका. त्या फाइली फोनवर सरळ उघडतील, कॉम्प्युटर बंद असला तरी.

सोफ्यावर बसून सिनेमा थांबवायचा, आवाज कमी-जास्त करायचा, एवढंच असेल तर केडीई कनेक्टसारखं ॲप पुरतं. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर असले की फोन माउससारखा वापरता येतो.

रिमोटचा, म्हणजे दूरून अख्खा कॉम्प्युटर चालवण्याचा, खरा उपयोग पुढच्या प्रकारांत. हिशोबाचं किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर फक्त त्या एकाच कॉम्प्युटरवर आहे. व्हिडिओ रेंडरिंगला लावून बाहेर पडलात आणि ते संपलं की मधेच अडकलं ते बघायचंय. किंवा हवी ती फाइल नेमकी डेस्कटॉपवरच राहिली, ड्राइव्हवर टाकायची राहून गेली. यांपैकी काही तुमच्या बाबतीत खरं असेल तर पुढे वाचा.

कोणतं ॲप घ्यायचं

पहिल्यांदाच करत असाल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर ॲप मिळतं आणि राउटरच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. सोयी कमी आहेत, हे खरं. पण नवख्या माणसाला कमी बटणंच बरी.

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क जास्त ताकदीचे आहेत. फाइल पाठवणं, दुसऱ्याला मदत करणं अशी कामं त्यांत सोपी होतात. दोन्ही घरगुती वापरासाठी फुकट आहेत, मात्र वापर धंद्यासाठी होतोय असा त्यांना संशय आला तर कनेक्शनवर मर्यादा येते किंवा पैसे भरायचा निरोप येतो. रस्टडेस्क हा ओपन सोर्स पर्याय आहे. स्वतःचा सर्व्हर चालवण्याची हौस असलेल्यांना तो आवडतो.

आणि एक विंडोजमध्येच असलेलं मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप. त्याच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, कारण ते चांगलं असलं तरी त्यात पाय घसरायच्या जागा आहेत.

जोडणी: कॉम्प्युटरवर काय करायचं

या पायऱ्या क्रोम रिमोट डेस्कटॉपच्या आहेत. हे सगळं कॉम्प्युटरसमोर बसूनच करावं लागतं.

१. आधी तुमच्या गूगल खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) लावा. लोक हे 'नंतर करू' म्हणून सोडतात. पण यापुढे या खात्याला घरच्या कॉम्प्युटरचा दरवाजा जोडलेला असणार आहे, तेव्हा कुलूप आधी.

२. क्रोम ब्राउझर उघडा, त्याच खात्याने साइन इन करा आणि रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता टाका. पत्ता हाताने टाइप करा. सर्चमध्ये नाव टाकलं की वर जाहिराती येतात आणि रिमोट ॲपच्या नावाने नकली डाउनलोड देणाऱ्या साइट काही कमी नाहीत.

३. तिथे 'रिमोट ॲक्सेस' निवडा. दूरून वापर सुरू करण्याचा चौकोन दिसेल, त्यातलं डाउनलोडचं बटण दाबा. एक छोटा प्रोग्राम उतरेल, तो इन्स्टॉल करा. विंडोज परवानगी विचारेल, 'येस' म्हणा.

४. कॉम्प्युटरला नाव द्या. आपोआप आलेलं नाव बहुधा अक्षरं-आकड्यांचं अगम्य काहीतरी असतं. दोन कॉम्प्युटर असतील तर 'हॉलमधला', 'वरचा लॅपटॉप' असं काही ठेवलंत तर पुढे गोंधळ होत नाही.

५. पिन ठरवा. किमान सहा आकडी लागतो. जन्मतारीख नको, मोबाइल नंबरातले आकडे नकोत आणि एटीएमचा किंवा फोनचा पिनही नको. सहाच आकडे द्यायची सक्ती नाही, आठ-दहा दिलेत तर उत्तम.

त्याच पानावर कॉम्प्युटरचं नाव आणि खाली 'ऑनलाइन' दिसलं की झालं.

मॅकवर एक पायरी जास्त आहे. ॲपल कुठल्याही प्रोग्रामला स्क्रीन बघू देत नाही आणि माउस हलवू देत नाही, तुम्ही परवानगी देईपर्यंत. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा आणि 'ॲक्सेसिबिलिटी' व 'स्क्रीन रेकॉर्डिंग' या दोन्ही ठिकाणी क्रोम रिमोट डेस्कटॉपचा खटका चालू करा. दुसरी परवानगी राहिली तर फोनवर स्क्रीनचं चित्र येत नाही. पहिली राहिली तर स्क्रीन दिसते, पण कितीही टॅप केलं तरी ढिम्म हलत नाही.

फोनवर काय करायचं

प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्या. बनवणारा गूगल आहे ना, ते बघा. त्याच गूगल खात्याने साइन इन करा. फोनमध्ये दोन-तीन खाती असतील तर इथे चूक होते: ॲप दुसऱ्याच खात्यावर उघडतं आणि यादी रिकामी दिसते. खातं बदललं की कॉम्प्युटर दिसतो. नावावर टॅप करा, पिन टाका, स्क्रीन समोर.

पुढच्या वेळी या फोनवर पिन विचारू नये, असा पर्याय दिसला तर तो मोकळाच सोडा. सहा आकडे टाकायला चार सेकंद लागतात. फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर तेच चार सेकंद तुमच्या बाजूने उभे राहतात.

विंडोज लॉक असेल तर पिननंतर विंडोजची लॉक स्क्रीन दिसेल. तिथे विंडोजचा पासवर्ड किंवा पिन टाकावा लागेल. घरी रोज चेहरा किंवा बोटाचा ठसा दाखवून आत जात असाल तर तो पासवर्ड आठवतोय का, हे आत्ताच तपासा. प्रवासात तुमचं बोट घरच्या लॅपटॉपपर्यंत पोचणार नाही.

बोटाने माउस

पहिल्या पाच मिनिटांत वैताग येतो. येऊ द्या. मोठ्या मॉनिटरसाठी केलेली स्क्रीन तळहातावर मावेल एवढी झालेली असते, विंडो बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी दिसते.

ॲपमध्ये दोन पद्धती आहेत. टच पद्धतीत जिथे बोट टेकवाल तिथेच क्लिक होतं. ट्रॅकपॅड पद्धतीत सगळी स्क्रीन लॅपटॉपच्या टचपॅडसारखी वागते: बोट कुठेही फिरवा, बाण सरकतो, आणि टॅप केलं की बाण असेल तिथे क्लिक होतं. नवीन माणसाला टच सोपं वाटतं, पण बारीक बटणांसाठी ट्रॅकपॅडच घ्या. आपलंच बोट बटण झाकत नाही, हा मोठा फायदा.

ट्रॅकपॅड पद्धतीत दोन बोटांनी टॅप म्हणजे राइट क्लिक. दोन बोटं वर-खाली सरकवली की पान सरकतं. चिमटीने झूम होतं. एखादी वस्तू ओढायची असेल तर तिच्यावर बाण नेऊन बोट दाबून धरायचं आणि मग सरकवायचं. कीबोर्ड मेनूतल्या बटणाने येतो. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट फोनच्या कीबोर्डवर कुठून येणार? त्यासाठीही मेनूतच वेगळं बटण आहे.

समजा, डाउनलोड्समध्ये राहिलेली एक पीडीएफ तुम्हाला फोनवर हवी आहे. फोन आडवा करा. खालच्या पट्टीवर झूम करून फोल्डरचं चिन्ह उघडा. डाउनलोड्समध्ये फाइलवर बाण न्या, दोन बोटांनी टॅप करा, 'कॉपी' म्हणा. आता डावीकडच्या यादीतून गूगल ड्राइव्हचं किंवा वनड्राइव्हचं फोल्डर उघडा, मोकळ्या जागेत पुन्हा दोन बोटांनी टॅप करून 'पेस्ट'. फाइलच्या चिन्हावर गोल फिरणाऱ्या बाणांऐवजी बरोबरची खूण आली की रिमोट बंद करा आणि फोनवरच्या ड्राइव्ह ॲपमधून फाइल उघडा. फाइल ओढत न्यायच्या भानगडीत पडू नका; फोनवर ती अर्ध्या वाटेत कुठल्या तरी भलत्याच फोल्डरात पडते आणि मग शोधत बसावं लागतं.

वारंवार वापरणार असाल तर घरी असतानाच विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करून ठेवा. अक्षरं, बटणं मोठी होतात. लांबलचक लिहिणं मात्र रिमोटवर करू नये. मजकूर फोनवरच्या एखाद्या नोट्स ॲपमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये लिहा आणि तो कॉम्प्युटरवर उघडा.

कॉम्प्युटर जागा ठेवणं

आता मुख्य मुद्दा. झोपलेल्या कॉम्प्युटरला इंटरनेटवरून हाक मारली तरी ती ऐकायला त्याच्यात कुणी जागं नसतं. म्हणून पहिली सेटिंग स्लीपची.

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टिम', मग 'पॉवर'. लॅपटॉपवर तिथे 'पॉवर अँड बॅटरी' असं दिसेल. स्क्रीन आणि स्लीपच्या वेळा तिथे आहेत. चार्जरवर असताना स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन मात्र पाच-दहा मिनिटांत बंद होऊ द्या. स्क्रीन बंद होणं आणि कॉम्प्युटर झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रीन काळी असली तरी रिमोट व्यवस्थित चालतं. मॅकवर बॅटरी किंवा एनर्जीच्या सेटिंगमध्ये, डिस्प्ले बंद असताना आपोआप झोपू नये असा पर्याय आहे, तो चालू करा.

लॅपटॉप असेल तर झाकणाचंही बघावं लागतं. झाकण लावलं की तो झोपतो. जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडलं की झाकण लावल्यावर काय करायचं हे ठरवता येतं. 'प्लग्ड इन'खाली 'डू नथिंग' निवडा. पण मग तो झाकण लावून गादीवर किंवा बॅगेत ठेवायचा नाही. चालू लॅपटॉपला हवा लागते. मी तरी बाहेर जाताना झाकण थोडं उघडंच ठेवायचं सुचवीन, टेबलावर, पंख्याची जाळी मोकळी ठेवून.

दुसरा शत्रू वीज. वीज गेली आणि आली, तरी डेस्कटॉप आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी बटण दाबायची वाट बघत बसतो. यावर उपाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये आहे. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) बायोसमध्ये शिरा आणि वीज परत आल्यावर काय करायचं ही सेटिंग शोधा. 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा 'एसी बॅक' अशा नावाने ती असते. 'पॉवर ऑन' करून ठेवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणून त्याची तेवढी काळजी नाही; पण राउटरला ती नसते. लॅपटॉप जागा आणि राउटर बंद, तर उपयोग शून्य. राउटरला लहान यूपीएस लावला तर हा प्रश्न मिटतो.

तिसरा, विंडोजचे अपडेट. रात्री अपडेट होऊन कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. क्रोम रिमोट डेस्कटॉप विंडोजवर लॉगिनच्या आधीच सुरू होतं, त्यामुळे नुसत्या रिस्टार्टची भीती नाही. अडतं ते सुरू होतानाच पासवर्ड मागणाऱ्या कॉम्प्युटरवर. बायोसचा पासवर्ड लावला असेल किंवा बिटलॉकरला (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरुवातीचा पिन ठेवला असेल तर कॉम्प्युटर तिथेच थांबतो आणि तिथपर्यंत रिमोट पोचत नाही. मॅकवर फाइलव्हॉल्ट (ॲपलची तशीच सोय) चालू असेल तर रिस्टार्टनंतर हाच अडथळा येतो. म्हणून फाइलव्हॉल्ट बंद करा असं मी म्हणणार नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर तेच तुमच्या कामी येतं. त्यापेक्षा बाहेर पडण्याआधी अपडेट उरकून घ्या आणि पुढचे काही दिवसांसाठी थांबवून ठेवा.

आणि हो, दूर असताना चुकूनही 'शट डाउन' करू नका. रिस्टार्ट चालेल. शट डाउन केलं की घरी पोचेपर्यंत सुट्टी.

कॉम्प्युटर सतत चालू ठेवायचा नसेल तर वेक-ऑन-लॅन नावाची सोय आहे. कॉम्प्युटर झोपला तरी त्याचं नेटवर्क कार्ड अर्धवट जागं राहतं आणि एका विशिष्ट संदेशाची वाट बघतं. त्या संदेशाला मॅजिक पॅकेट म्हणतात. १०२ बाइटचा असतो: आधी सहा बाइट ठरलेली खूण आणि मग त्या कार्डाचा स्वतःचा सहा बाइटचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक; ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) सोळा वेळा. आपला पत्ता दिसला की कार्ड कॉम्प्युटरला उठवतं. त्यासाठी बायोसमध्ये आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवरच्या टॅबवर, दोन्हीकडे परवानगी द्यावी लागते. कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडलेला असेल तर हे भरवशाचं. वायफायवर सहसा रडतं.

अडचण अशी की मॅजिक पॅकेट घरातल्या नेटवर्कपुरतं असतं. बाहेरून ते सरळ पोचत नाही, घरातल्याच कुणीतरी ते पाठवावं लागतं. काही राउटरच्या ॲपमध्ये ही सोय असते. टीमव्ह्यूअरमध्ये त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या चालू कॉम्प्युटरकरवी उठवता येतं.

डेस्कटॉप असेल तर स्मार्ट प्लगचीही एक युक्ती आहे. कॉम्प्युटर रिमोटवरून रीतसर शट डाउन करायचा, तो पूर्ण बंद झाला की फोनवरून प्लग बंद करायचा. पुन्हा हवा तेव्हा प्लग चालू केला की वर सांगितलेली बायोसची सेटिंग त्याला सुरू करते. शट डाउन करू नका या नियमाला एवढाच अपवाद. मात्र बायोसमध्ये 'पॉवर ऑन'च हवं. 'लास्ट स्टेट' निवडलं असेल तर कॉम्प्युटर आधी बंद होता म्हणून बंदच राहतो. आणि चालू कॉम्प्युटरची वीज प्लगवरून तोडायची नाही. डिस्कवर लिहिणं चालू असेल तर फाइली खराब होतात.

घरातच बसून परीक्षा घ्या

फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या आणि मग जोडून बघा. वायफायवर चाललं म्हणजे बाहेरही चालेल, असं गृहीत धरू नका. मग कॉम्प्युटर लॉक करा, तास-दोन तास तसाच सोडा आणि पुन्हा जोडा. मग रिमोटवरूनच रिस्टार्ट करा आणि तो परत यादीत 'ऑनलाइन' येतो का ते बघा. डेस्कटॉपचं बायोस बदललं असेल तर तो रीतसर शट डाउन करा, मागचा स्विच बंद करून मिनिटभराने चालू करा. बटण न दाबता उठला पाहिजे. या चारही गोष्टी जमल्या तर निर्धास्त बाहेर पडा.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप

तुमच्याकडे विंडोज प्रो असेल तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिमोट डेस्कटॉप' इथे एक खटका आहे. होम आवृत्तीत तो चालू करता येत नाही. होमवाल्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. फोनवर मायक्रोसॉफ्टचं ॲप लागतं, ते आता 'विंडोज ॲप' या नावाने मिळतं.

याचा अनुभव जास्त चांगला असतो. डेस्कटॉप फोनच्या आकारात बसवून घेतला जातो, अक्षरं स्वच्छ दिसतात. तुम्ही जोडलेले असताना घरचा मॉनिटर लॉक राहतो. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये तसं नसतं: मॉनिटर चालू असेल तर तुम्ही उघडलेला मेल घरातल्या कुणालाही दिसतो, बाण आपोआप फिरताना बघून लहान मुलं घाबरतात ती वेगळीच. या पद्धतीत खात्याचा खरा पासवर्ड लागतो, विंडोजचा छोटा पिन चालत नाही. पासवर्ड न ठेवलेल्या खात्याने आत जाता येत नाही.

पण घराबाहेरून हे थेट चालत नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात. जुन्या व्हिडिओंमध्ये सांगतात की राउटरमध्ये जाऊन ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडा. उघडू नका. हे पोर्ट उघडं असलेले कॉम्प्युटर शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड फिरत असतात आणि सापडलेल्या प्रत्येकावर पासवर्ड लावून बघतात. पोर्टचा क्रमांक बदलूनही फारसं साधत नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, त्यात जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवायच रिमोट डेस्कटॉपमधून आत शिरता येत होतं. प्रकरण एवढं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली.

बाहेरून वापरायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतचा खासगी बोगदा, हवा. सगळ्यात सोपा मार्ग टेलस्केल. वायरगार्ड तंत्रावर चालतं, घरगुती वापराला फुकट आहे. कॉम्प्युटरवर आणि फोनवर दोन्हीकडे टाका, एकाच खात्याने साइन इन करा. कॉम्प्युटरला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. विंडोज ॲपमध्ये तो पत्ता टाकला की फोन घरातच असल्यासारखा जोडला जातो आणि बाहेरच्या जगाला एकही पोर्ट उघडं दिसत नाही.

ज्यांना आत येऊ द्यायचं नाही

रिमोट ॲपमधून होणारी फसवणूक बहुतेक वेळा कुलूप फोडून होत नाही, किल्ली मागून घेऊन होते. कुणीतरी फोन करतं, बँकेतून किंवा कंपनीतून बोलतोय म्हणतं, खात्यात घोळ झाल्याचं सांगतं आणि एक ॲप टाकून त्यावरचा नंबर वाचून दाखवायला लावतं. तो नंबर दिला की स्क्रीन त्यांच्या हातात. स्वतःहून फोन करणाऱ्या कुणालाही असा नंबर, कोड किंवा पिन द्यायचा नाही. कितीही घाई केली, धमकावलं तरी फोन ठेवायचा. हे घरातल्या मोठ्या माणसांनाही नीट समजावून सांगा, कारण असे फोन त्यांनाच जास्त येतात.

बाकी काळजी साधी. फोनला लॉक हवंच. काम झालं की ॲप नुसतं मागे न टाकता कनेक्शन तोडा, आणि त्याआधी कॉम्प्युटर लॉक करा. फोन हरवला तर दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून गूगल खात्यात जा आणि तो फोन साइन आउट करा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र हे काहीही परस्पर टाकू नका, आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. बऱ्याच ठिकाणी ही शिस्तभंगाची गोष्ट धरली जाते.

अडलं तर

'ऑफलाइन' दिसत असेल तर आधी घरी कुणी असल्यास राउटर आणि कॉम्प्युटरचा दिवा बघायला सांगा. घरचं इंटरनेट चालू, कॉम्प्युटर चालू, तरीही ऑफलाइन असेल तर एकदा रिस्टार्ट करायला लावा. बहुतेक वेळा तेवढ्याने येतो.

जोडलं पण चित्र काळं असेल तर कारणं वेगवेगळी असतात. डेस्कटॉपला मॉनिटरच लावलेला नसेल तर काही कॉम्प्युटर चित्रच तयार करत नाहीत. एचडीएमआयचा डमी प्लग म्हणून एक छोटं बूच मिळतं, ते लावलं की कॉम्प्युटरला मॉनिटर असल्याचा भास होतो. एनीडेस्क इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं असेल तर विंडोजचा परवानगीचा प्रश्न आल्यावर तुमच्याकडे काहीच दिसत नाही आणि 'येस' दाबताही येत नाही, म्हणून ते रीतसर इन्स्टॉल केलेलं हवं. आणि सिनेमे दाखवणाऱ्या साइटचा व्हिडिओ तेवढा काळा दिसत असेल तर तो बिघाड नाही. कॉपी होऊ नये म्हणून तो मुद्दाम झाकलेला असतो.

सगळं चालतं पण संथ चालतं? कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडून बघा, फरक लगेच कळतो. घरात त्याच वेळी कुणी मोठ्या फाइली अपलोड करत असेल तर तेवढा वेळ थांबा. मोबाइल डेटा बेताचा असेल तर कनेक्शन उघडं ठेवून चहा प्यायला जाऊ नका. स्क्रीनवर काही हलत असेल, मग ती कोपऱ्यातली जाहिरात का असेना, तर डेटा जातच राहतो.

कधी हे सगळं काढून टाकायचं झालं तर फोनमधलं ॲप उडवणं पुरेसं नाही, कॉम्प्युटर तसाच जोडणीला तयार राहतो. कॉम्प्युटरवर रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम उघडा, कॉम्प्युटरच्या नावासमोरच्या कचरापेटीच्या चिन्हावर क्लिक करा आणि मग विंडोजच्या ॲप्सच्या यादीतून क्रोम रिमोट डेस्कटॉपचा तो छोटा प्रोग्राम अनइन्स्टॉल करा. स्लीपची सेटिंगही पूर्ववत करायला विसरू नका.